विमानाचं अंतर सांगणारी साईट: अंतराला पैकीच्या पैकी, वेळेला काठावर पास

आमच्या घरात कुणाला कुठेही जायचं असलं की पहिला मेसेज मला येतो, "अगं बघ ना किती तास लागतात." तिकीट काढायच्या आधी, जायचं नक्की व्हायच्याही आधी. त्यामुळे ती दोन चौकोनांची साईट माझ्या फोनमध्ये कायम एका टॅबमध्ये उघडीच असते. तुम्हीही बघितली असेल. एका चौकोनात 'कुठून' टाकायचं, दुसऱ्यात 'कुठे', बटण दाबलं की निळ्या नकाशावर एक वाकडी रेघ उमटते आणि खाली दोन आकडे, इतके किलोमीटर आणि इतके तास इतकी मिनिटं. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मी अशा चार-पाच साईट्स वापरून बघितल्या आणि सगळ्या जुळ्या बहिणी निघाल्या, रंग वेगळा, जाहिराती वेगळ्या, आतला हिशोब तोच. तेव्हा हा रिव्ह्यू एकीचा समजा नाहीतर सगळ्यांचा समजा, फरक पडत नाही.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच चांगलं आहे. अंतराचा आकडा बरोबर असतो. सिंगापूर ते न्यूयॉर्क टाकलं, १५,३४९ किमी. पर्थ ते लंडन, १४,४९९. लंडन ते न्यूयॉर्क, ५,५४०. विमान कंपन्या आणि बातम्या जे आकडे देतात तेच. एका साईटवर आणि दुसरीवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर घाबरू नका, कुणी पृथ्वी अगदी गोल चेंडू धरते, ६,३७१ किमी त्रिज्येचा, आणि कुणी तिचं खरं जरा चपटं रूप धरते, विषुववृत्ताशी ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७. पंधरा हजारांत वीस इकडे तिकडे, चालतंय की.

ती रेघ वाकडी का, हा प्रश्न मात्र सगळ्यांना पडतो. भाचीला पडला, तिने सरळ सांगितलं की तुझी साईट बिघडलीये. वर्गातल्या नकाशावर तिला न्यूयॉर्कहून सिंगापूरला जायचा सरळ रस्ता दिसत होता, अटलांटिक, मग आफ्रिका, मग हिंदी महासागर, पट्टी ठेवून काढावा असा. मग तिचा पृथ्वीगोल घेतला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा. एक टोक तिच्या अंगठ्याखाली न्यूयॉर्कवर, दुसरं माझ्या बोटाखाली सिंगापूरवर, आणि दोरा ताणत ताणत नेला तर तो आफ्रिकेकडे फिरकलाच नाही, सरळ वर चढला आणि गोलाच्या डोक्यावर तो स्क्रू असतो ना, ज्यावर गोल फिरतो, त्याला जाऊन अडला. म्हणजे उत्तर ध्रुव! ती दोन मिनिटं नुसती त्या स्क्रूकडे बघत बसली. सपाट नकाशात वरचा भाग ताणून रुंद केलेला असतो म्हणून तिकडून जाणारी वाट लांबची वाटते, गोलावर तीच सगळ्यात जवळची. साईट नेमकं हेच करते, मनातल्या मनात दोरा ताणते. पुस्तकी भाषेत ग्रेट सर्कल.

आणि हो, जगातल्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर साधारण २०,००० किमीच्या वर जाऊच शकत नाही, कारण तेवढ्यात आपण पृथ्वीच्या बरोब्बर दुसऱ्या अंगाला पोचलेलो असतो. एवढा गोल आकडा योगायोग नाही बरं का. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी मीटर ठरवला तेव्हा ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर असंच ठरवलं होतं, म्हणून अख्खा फेरा ४०,००० आणि अर्धा २०,०००. कुठल्या साईटने २१ हजार दाखवलं तर टॅब बंद करा.

अंतरातही दोन ठिकाणी पाय घसरतो तेवढं सांगून ठेवते. एक म्हणजे मैल. माझ्या साईटवर किलोमीटरच्या शेजारी नुसतं 'मैल' लिहिलेलं असतं, कुठले मैल ते नाही. लंडन ते न्यूयॉर्क साध्या मैलांत ३,४४२ आणि सागरी मैलांत, जे विमानवाले वापरतात, त्यात २,९९१. साडेचारशेचा फरक! सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, साधा १.६०९. दोन साईट्सचे मैल जुळत नाहीत म्हणून कुणी डोकं धरून बसलं असेल तर बहुतेक हेच कारण असणार.

दुसरं म्हणजे नावं. सॅन होजे टाकलं की कोस्टा रिकामधलं येणार की कॅलिफोर्नियातलं, ते साईटच्या मूडवर. लंडन कॅनडातही आहे. मेलबर्न फ्लोरिडात आहे. सिडनी तर कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्ये आहे आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले लोक तिकीट चुकल्यामुळे खरोखर तिथे जाऊन उतरलेत, ही काही सांगोवांगी नाही, बातम्या आल्या होत्या. म्हणून शहराचं नाव न टाकता विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकायचा, एसवायडी म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि वायक्यूवाय म्हणजे कॅनडा. कोड टाकायचा अजून एक फायदा, काही साईट्स शहराच्या मधोमधपासून मोजतात आणि काही विमानतळापासून, कोड दिला की तो घोळ संपतो.

हे अंतर कुणाला लागतं असं वाटत असेल तर युरोपातल्या प्रवाशांना विचारा. तिथे विमान रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर भरपाई किती हे अंतरावर ठरतं, २००४ च्या नियमात १,५०० आणि ३,५०० किमी अशा पायऱ्या आहेत आणि मोजायचं कसं तेही लिहिलंय, ग्रेट सर्कलनेच. विमान प्रत्यक्षात कुठून फिरून आलं त्याला किंमत नाही. म्हणजे इथे साईटचा आकडा आणि कायद्याचा आकडा एकच.

आता वेळ. इथून माझा आवाज चढणार आहे.

एका रविवारी वही घेऊन बसले आणि साईट तास-मिनिटं काढते कशी ते शोधलं. अवघड नव्हतंच. ८०० किमीने अंतर वाढलं की वेळ बरोब्बर एक तासाने वाढते, प्रत्येक वेळी, कुठलीही शहरं घ्या. आणि अंतर शून्याकडे नेलं की वेळ तीस मिनिटांवर येऊन थांबते. म्हणजे किलोमीटरला ८०० ने भागायचं, वर टेकऑफ-लँडिंगचा म्हणून अर्धा तास ठेवायचा, झालं काम. वारा नाही, दिशा नाही, विमान कुठलं त्याचा पत्ता नाही. आणि हे सगळं करून उत्तर द्यायचं '७ तास २५ मिनिटं' असं, जणू कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन विमानात बसलं होतं!

पटत नसेल तर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे टाकून बघा. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, त्यातली ही दोन, मधे २.७ किमी, जगातलं सगळ्यात कमी अंतराचं नियमित विमान तिथे उडतं. दोन मिनिटांच्या आत पोचतं, वारा बरा असला तर एका मिनिटाच्या आतसुद्धा पोचलंय. साईट म्हणते ३० मिनिटं. एवढ्या वेळात ते विमान जाऊन येऊन परत गेलं असतं आणि पायलटने चहा घेतला असता.

हे झालं छोट्याचं. लांबच्याला उलटं होतं. मोठी जेट विमानं वरती ताशी ९०० च्या आसपास जातात, त्यामुळे अंतर वाढेल तशी साईट मागे पडत जाते. पर्थ ते लंडन साईटच्या हिशोबाने १८ तास ३७ मिनिटं, वेळापत्रकात साडेसतराच्या आसपास. सिंगापूर ते न्यूयॉर्क साईटवर १९ तास ४१, प्रत्यक्षात पावणेएकोणीसच्या आसपास. तास-तासाचा फरक आहे हा, तीही जगातली सगळ्यात लांबची फ्लाइट, सिंगापूर एअरलाइन्सची, जिच्यासाठी एअरबसने ए३५०चं जास्त इंधन नेणारं खास मॉडेल बनवलं.

पण माझा खरा राग वाऱ्यावरून आहे. लंडन ते न्यूयॉर्क टाका, ७ तास २५. आता उलटं टाका, न्यूयॉर्क ते लंडन. ७ तास २५. अहो असं कुठे असतं का! जाताना आठ तासांच्या आसपास लागतात आणि येताना सात किंवा त्याहून कमी, हे त्या रूटवर एकदा गेलेला माणूसही सांगेल. गंमत म्हणजे दोन्हीची सरासरी काढली तर साईट बरोबर निघते. पण सरासरी दिशेने कुणी प्रवास करत नाही, माणूस एकतर जातो नाहीतर येतो.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराच्या वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना, थंडीत जास्त जोरात. विमानाचा स्वतःचा वेग तोच राहतो पण ज्या हवेत ते पोहतंय ती हवाच पुढे सरकत असते, नदीत प्रवाहाबरोबर पोहणं आणि प्रवाहाविरुद्ध पोहणं यात फरक असतो तसंच. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. साईटपेक्षा अडीच तास आधी, आणि हे साधं जुनं जंबो, आवाजापेक्षा जोरात उडणारं कॉन्कॉर्ड नव्हे. (कॉन्कॉर्डचा रेकॉर्ड १९९६ चा, २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद, तो विषयच वेगळा.) या वाऱ्यांचा शोध कसा लागला तो किस्सा मला फार आवडतो. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते, १९२० च्या दशकात ते फुगे सोडून वरचा वारा मोजायचे, त्यांना हे सगळं दिसलं होतं, आणि जगाला कळावं म्हणून त्यांनी ते छापलं एस्परांतो भाषेत. सगळ्या जगाची एक भाषा म्हणून! कुणी वाचलंच नाही. मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर जपानवर गेले आणि समोरच्या वाऱ्यात जवळजवळ जागच्या जागी अडकले तेव्हा कुठे गांभीर्याने घेतलं गेलं.

वाऱ्यासाठी अंतर वाढवायचं हेही चालतं, आणि हे साईटच्या डोक्यात बसणारच नाही कारण तिच्या लेखी जास्त किलोमीटर म्हणजे जास्त वेळ. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान नेहमीसारखं अटलांटिकवरून न नेता पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर पडलं १५ हजारांच्या वर, आधीच्या वाटेपेक्षा हजार-दीड हजार किलोमीटर जास्त, आणि वेळ साडेचौदा तास, जवळजवळ दोन तास कमी! परतीला मात्र अटलांटिकवरून, म्हणजे जातानाही पूर्वेला आणि येतानाही पूर्वेला, प्रवासी घरी परत येईपर्यंत पृथ्वीची अख्खी प्रदक्षिणा झालेली. साईटवर या जोडीचं अंतर येतं साडेबारा हजाराच्या आत आणि वेळ सोळाच्या आसपास. अंतराच्या बाबतीत ती खोटं बोलत नाहीये, दोरा तेवढाच लागतो, पण दोऱ्यावरून कोण गेलंय?

खरं तर दोऱ्यावरून कुणीच जात नाही. आयकाओ, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची जागतिक संस्था, तिचा प्रदूषण मोजायचा कॅल्क्युलेटर आहे, तो सुद्धा ग्रेट सर्कल काढून वर भर घालतो, ५५० किमीच्या आतल्या प्रवासाला ५०, साडेपाच हजारापर्यंत १००, त्याच्या वर १२५. वळसे, रांगा, हवामान यासाठी. आणि १२५ हे चांगल्या दिवसांचं बोलणं झालं. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपच्या विमान कंपन्यांना बंद झालं तेव्हापासून हेलसिंकी ते टोकियो, जे साडेनऊ तासांत व्हायचं, त्याला तेराच्या आसपास लागायला लागले, कधी उत्तर ध्रुवावरून कधी दक्षिणेने फिरून. साईट आजही सायबेरियावरून झक्कास रेघ काढते आणि लिहिते १० तास १९ मिनिटं. त्या रेघेखाली एक ओळ लिहायला काय जातं, की बाबांनो हा रस्ता सध्या बंद असू शकतो?

तिबेटचंही तेच. तिथून जाणाऱ्या रेघा बघायला छान वाटतात पण विमानं शक्यतो तो भाग टाळतात. केबिनमधली हवा गेली तर पायलटला पटकन दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटरवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पाव तासाचा असतो. आणि तिबेटची जमीनच साडेचार किलोमीटरवर, उतरणार कुठे? सिडनी ते चिलीमधलं सँटियागो टाकलं तर रेघ पार खाली अंटार्क्टिकाच्या दिशेने झुकते, तिथेही दोन इंजिनांच्या विमानाला नियम असतो की एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांच्या आत कुठला तरी विमानतळ गाठता आला पाहिजे. हे सगळं साईटने मोजावं असं माझं म्हणणं नाही हो. मोजता येत नाही तर मिनिटांपर्यंत आकडा कशाला देता, 'साधारण १० ते १३ तास' लिहा, लोक समजून घेतात.

आता माझी फजिती. दादा आणि वहिनी जुलैमध्ये ऑकलंडहून लॉस एंजेलिसला निघाले होते, हॉटेल बुक करायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. विमान रात्री ८ चं. साईटमध्ये निघायची वेळ टाकायचीही सोय आहे, मी टाकली. अंतर साधारण १०,४८० किमी, वेळ १३ तास ३६ मिनिटं, आणि खाली ठळक अक्षरात, 'पोचण्याची वेळ: दुसऱ्या दिवशी सकाळी ९.३६'. मी काय केलं, दुसऱ्या दिवसापासून हॉटेल बुक केलं. तिकीट दादाच्या मेलवर होतं, मला दिसत नव्हतं, आणि साईट एवढ्या आत्मविश्वासाने सांगतेय म्हटल्यावर विचारलंही नाही.

झोपेत फोन आला. दादा म्हणाला, "अगं, आम्ही हॉटेलच्या काउंटरवर उभे आहोत, हे म्हणतात तुमचं बुकिंग उद्याचं आहे." मी म्हटलं दादा तुम्ही आत्ता कसे पोचलात. तो म्हणाला, "पोचलो काय विचारतेस, आम्ही निघायच्या आधी पोचलोय!"

आणि खरंच तसंच होतं. विमानाला लागले बारा तास. ऑकलंडच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी सकाळचे ८. पण जुलैमध्ये लॉस एंजेलिस ऑकलंडच्या १९ तास मागे असतं, मधे तारीख बदलायची रेषा. म्हणजे ते ज्या तारखेला रात्री ८ ला निघाले त्याच तारखेला दुपारी १ ला उतरले. साईटने दाखवलेले ९.३६ हे ऑकलंडचे होते, निघालेल्या शहराच्या घड्याळातले, आणि ते कुठे लिहिलं होतं तर पानाच्या तळाशी, जाहिरातीच्याही खाली, करड्या रंगाच्या बारीक अक्षरात. एका रात्रीचे जादा पैसे गेले, वहिनी दोन तास सूटकेसवर बसून होती, आणि घरातली माझी ट्रॅव्हल एजंटची पदवी थोडक्यात वाचली.

त्यानंतर मी तारखांचा नीट अभ्यास केला, म्हणजे रागारागातच केला. सामोआची राजधानी आपिया आणि शेजारच्या अमेरिकन सामोआतलं पागो पागो, दोन्हींमध्ये सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पाऊण तासही लागत नाही, पण घड्याळात पूर्ण २४ तासांचा फरक, कारण सामोआने २०११ च्या शेवटी ३० डिसेंबर ही तारीखच गाळली आणि रेषेच्या पलीकडे उडी मारली. सोमवारी सकाळी आपियाहून निघा, रविवारी सकाळी पागो पागोला उतरा. ही जोडी आता मी प्रत्येक नव्या साईटवर पहिली टाकून बघते. दोन साईट्सनी 'त्याच दिवशी' दाखवलं, एकीने वेळेचा कॉलमच रिकामा सोडला, आणि रिकामा सोडणारीबद्दल मला आदर वाटला. अर्ध्या तासाच्या टाइमझोनमध्येही काही जणी गडबडतात, भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आणि नेपाळ पावणेसहा, हे सगळ्यांना पचत नाही. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या देशांचं तर विचारूच नका, मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या साईट्सच्या टाइमझोनवर अजिबात भरवसा ठेवू नका.

तिकिटावरची वेळ आणि हवेतली वेळ यातलाही फरक साईट सांगत नाही. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम, गेटवरून विमान हललं तिथपासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, अ‍ॅमस्टरडॅमला पोल्डरबान नावाच्या लांबच्या धावपट्टीवर उतरलात तर टर्मिनलला यायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात, माणसाला वाटतं हे आता रस्त्यानेच घरी सोडणार. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडा सैल हात ठेवतात, म्हणून अर्धा तास उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोचल्याची घोषणा होते आणि लोक खूश. त्यामुळे फोनमधलं ट्रॅकिंग 'साडेसहा तास हवेत' म्हणतंय आणि तिकीट 'साडेसात' म्हणतंय, दोघंही खरे.

आणि सगळ्यात कहर म्हणजे विमान नसलं तरी साईट वेळ देते. माद्रिद ते वेलिंग्टन टाका. पृथ्वीच्या जवळजवळ दोन विरुद्ध टोकांना आहेत ही शहरं, १९,८५० किमीच्या आसपास, आणि साईट म्हणते २५ तास १९ मिनिटं, खाली 'बुक करा'चं हिरवं बटण. कुठलं विमान बुक करू बाई? एवढ्या लांब न थांबता जाणारी फ्लाइट आज कुणीच चालवत नाही. क्वांटासने सिडनी ते लंडन, साधारण १७,००० किमी, न थांबता नेण्यासाठी खास ए३५०-१००० मागवलीत, तेच केवढं मोठं धाडस मानलं जातंय. माद्रिद-वेलिंग्टनला मधे एकदा तरी, बहुतेक दोनदा, उतरायचं, चार तास इथे बसायचं, सहा तास तिथे बसायचं, तीस तासांच्या वरच जाणार. 'कनेक्शन' हा शब्दच त्या पानावर नाही.

या जोडीची एक मजा मात्र साईटमुळेच कळली म्हणून तेवढं श्रेय देते. माद्रिद-वेलिंग्टनची रेघ आफ्रिकेवरून हिंदी महासागरात जाते. आता फक्त वेलिंग्टनच्या जागी ऑकलंड टाका, तोच देश न्यूझीलंड, पाचशे किलोमीटरही दूर नाही. रेघ टुणकन उडी मारून उत्तर ध्रुवाकडून पॅसिफिकवरून जायला लागते! अंतर जवळजवळ तेवढंच. बरोबर विरुद्ध टोकाजवळ असलं की कुठूनही गेलं तरी सारखंच पडतं, म्हणून जागा इतकीशी हलली की रेघ पार दुसरीकडून. भाचीने गोल मागवला, दोरा मागवला, अर्धा तास हाच खेळ.

तर मी काय करते सांगते. अंतर याच साईटवर बघते. नकाशावर नुसत्या रेघाच बघायच्या असतील तर ग्रेट सर्कल मॅपर साधं आणि स्वच्छ आहे, आणि ते गुपचूप मिनिटं दाखवून फसवत नाही. वेळेसाठी फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्या फ्लाइटचा नंबर टाकते आणि गेल्या चार-पाच दिवसांत ती खरोखर किती वाजता उडाली आणि किती वाजता उतरली ते बघते, एक बघून भागत नाही, वारा रोज बदलतो. जातानाचं आणि येतानाचं वेगवेगळं बघते. आणि हॉटेल बुक करण्याआधी तिकिटाचा फोटो मागवते, त्यावर उतरायची वेळ नेहमी उतरायच्या शहरातलीच छापलेली असते, तारखेसकट.

रेटिंग द्यायचंच तर अंतराला पाचपैकी पाच, नकाशाला चार, वेळेला दोन, पोचण्याच्या तारखेला शून्य. जाहिराती फार आहेत, कुकीजची पट्टी बंद केली की तिच्या मागे दुसरी असते, आणि होनोलुलू ते ऑकलंड टाकल्यावर एकीने 'मोटारीने किती तास' असाही रकाना दाखवला होता, त्याबद्दल अर्धा मार्क कापते. पण टॅब काही मी बंद केलेली नाही.

परवा दादाचा परत मेसेज आला, परतीच्या विमानाला किती तास. साईट उघडली, १३ तास ३६, जाताना होते तेवढेच. ती बंद केली, तिकिटाचा फोटो मागवला आणि त्याला एवढंच लिहिलं, "सोमवारी रात्री १० ला निघाल, बुधवारी पहाटे ६ ला उतराल, मंगळवार तुम्हाला जवळजवळ मिळणारच नाही." त्याने लगेच उत्तर पाठवलं, "चला, म्हणजे त्या रात्रीचं हॉटेल वसूल झालं."